कमी पडलेले आठ बोल्ट

मला बोट लागते. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसानं हे कागदावर लिहायचं म्हणजे हात अडखळतो, पण इथून सुरुवात केली नाही तर पुढचं काहीच नीट सांगता येणार नाही. बोर्ली पंचतनच्या पलीकडे, खाडी समुद्राला मिळते त्या कोपऱ्यात आमचा कोळीवाडा. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचं सुकाणू धरणारे. त्यांचे वडीलही तांडेल. माझा थोरला भाऊ काशिनाथ, आमचा दादा, पहिलं पाऊल टाकायला शिकला तो बहुतेक बोटीच्या फळ्यांवरच. आणि मी, वसंत, खाडीचं तोंड ओलांडायच्या आत पोट धरून ओकायला लागायचो. सवयीनं जाईल, असं सगळे म्हणायचे. आईनं लिंबाची फोड दिली, शेजारच्या मावशीनं मिठाचा खडा जिभेखाली धरायला सांगितला, कुणी दंडाला काळा दोरा बांधला. काही गेलं नाही. दर सुट्टीत बाबा मला घेऊन जायचे आणि दर वेळी दादा मला नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी बसवून, हातात पाण्याचा तांब्या देऊन, पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. खलाशी हसायचे. बर्फाच्या खणाचं झाकण उचलून एक जण म्हणायचा, "तांडेल, ह्याला ह्याच्यात ठेवा. बंदरात जाईपर्यंत ताजा तरी राहील." बाबा हसायचे नाहीत. ते समोर पाण्याकडे बघत राहायचे, आणि त्यांचं ते न हसणं मला खलाशांच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

घर दोन खोल्यांचं, पुढे ओटी, आणि ओटीसमोर बोंबील वाळवायचे बांबू. वाळत्या मासळीचा वास आमच्या अंथरुणांना, पुस्तकांना, देवाच्या फोटोमागच्या भिंतीलासुद्धा असायचा. पण तो वास आहे हे मला घर सुटल्यावरच कळलं. सकाळी आई तांदळाची भाकरी थापायची तो आवाज, बाबांचा खोकला, आणि भरती लागली की बंदरावरून येणारी ठक ठक. ती ठक ठक आमच्याच बोटीची असली तर मला ओटीवरून ओळखता यायची. बर्फ आणि मासळी ठेवायच्या खणावर एक जड लाकडी झाकण होतं. ते बंद केलं की त्यावर आडवी फळी टाकून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या आणि वरून दोरी आवळायची. पाचरी ओल्या झाल्या की सुटायच्या. दादा ओल्या हातांनी त्या पुन्हा पुन्हा ठोकायचा आणि शिव्या घालायचा. घरी जेवायला बसला की म्हणायचा, निम्मं आयुष्य ह्या झाकणापायी जाणार. आई त्याच्या ताटात कालवणातला डोक्याचा तुकडा वाढायची आणि माझ्या ताटात शेपटीकडचा. समुद्रावर जाणाऱ्याला डोकं, असा आमच्या घरातला न बोलता पाळलेला रिवाज होता. ह्यात तिचा दुजाभाव नव्हता. तिनं तसंच पाहिलेलं होतं. पण मी शेपटीचे काटे काढत ते बघायचो.

दहावीनंतर मी माणगावला आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला आणि तिथंच एका लहानशा कारखान्यात लागलो. पिठाच्या गिरणीच्या मागे खोली घेतली. दिवसभर गिरणीमुळे भिंती थरथरत असायच्या आणि गिरणी बंद झाली की इतकं शांत व्हायचं की मला स्वतःचा घास चावल्याचा आवाज यायचा. आई एसटीच्या कंडक्टरबरोबर सुक्या जवळ्याची पिशवी पाठवायची. कारखान्यातली पोरं आतल्या गावांतली, भातशेतीवाल्यांची. जवळा तीही खायची, पण माझा डबा उघडला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "खिडकी उघडा रे, भरती आली." म्हणून मी डबा एकटाच मागच्या शेडमध्ये खायला लागलो. तिकडे समुद्र सोसत नाही म्हणून मी परका होतो आणि इकडे समुद्राचा वास येतो म्हणून. त्या वयात हे कुणाला सांगावं असं सुचतही नाही. आज माझा स्वतःचा कारखाना आहे, दहा-बारा माणसं हाताखाली आहेत, पण जेवायच्या सुट्टीत मी अजूनही उठून मागे जातो. बायको म्हणते, मालक झालास म्हणून वेगळा बसतोस. मी ते तसंच राहू देतो.

त्या कारखान्यात आम्ही फिक्श्चर बनवायचो. यंत्रांचे सुटे भाग वेल्डिंग करताना किंवा भोकं पाडताना जागचे हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारा लोखंडी साचा म्हणजे फिक्श्चर. आणि धरायचं काम करतो तो टॉगल क्लॅम्प. दिसायला साधी वस्तू: एक हँडल, दोन-तीन सांधे, आणि दाबणारा दांडा किंवा ओढणारा आकडा. हँडल दाबलं की सांधे सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेच्या केसभर पुढे जाऊन बसतात. खट् असा आवाज येतो. एकदा तो आवाज आला की पलीकडून कितीही जोर लागू दे, क्लॅम्प आपणहून उघडत नाही. उलट जोर लागेल तसा जास्त घट्ट होतो. उघडायला माणसाचा हातच लागतो. हे मी इतकं सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे.

हे सगळं मला शिकवलं हमीदचाचांनी. म्हसळ्याचे, कारखान्यातले जुने मिस्त्री, पांढरी दाढी, खिशात कायम एक वाटोळं चुंबक. क्लॅम्प निवडताना ते आधी क्लॅम्पकडे बघायचेच नाहीत. जॉब, म्हणजे धरायचा तो सुटा भाग, हातात घेऊन विचारायचे, हा कुठून उठायला बघतोय, किती जोरानं उठेल, आणि हँडल उघडल्यावर माणसाची बोटं कुठे येतील. मग कपाटातून क्लॅम्प काढायचे. बसवल्यावर हँडल तळहाताला थोडं लागलं पाहिजे, असं त्यांचं माप होतं: अगदी सहज बसलं तर पकड नाही, आणि अंगावर जाऊन दाबावं लागलं तर माणूस उद्या हातोडी घेईल. क्लॅम्प मोठा घेतला आणि बोल्ट हलका लावला तर त्यांना राग यायचा. "अरे वसंता," ते म्हणायचे, "क्लॅम्प जोर धरत न्हाय, बोल्ट धरतो. क्लॅम्प मोजू नको, भोकं मोज." भोकं मोजली म्हणजे बोल्ट किती लागणार ते कळतं, आणि प्रत्येक भोकात बोल्ट गेलाच पाहिजे. चुंबक ते बोल्टांसाठीच वापरायचे. आमच्या कामातला स्टेनलेसचा बोल्ट चुंबकाला चिकटायचा नाही. जस्ताचा मुलामा दिलेला साधा लोखंडी बोल्ट, ज्याला दुकानात नुसतं पांढरा म्हणतात, तो तितकाच चकाकतो पण चिकटतो. माझं शिकणं पुरं झालं असं त्यांना वाटलं तेव्हा त्यांनी ते चुंबक मला देऊन टाकलं.

त्या वर्षी एका गिऱ्हाइकानं यंत्राच्या झाकणासाठी मागवलेले चार स्टेनलेसचे आकड्याचे क्लॅम्प माप बदलल्यामुळे पडून राहिले. मला लगेच बोटीचं झाकण आठवलं. चौकटीवर क्लॅम्प बसवायचा, झाकणावर आकडा अडकायला एक छोटी पट्टी, हँडल दाबलं की खट्. पाचरी नकोत, दोरी नको. हमीदचाचांना सांगितलं तर ते खूश झाले. खाऱ्या पाण्याचं काम आहे, बोल्टही स्टेनलेसचेच लाव, असं बजावून त्यांनी मालकांना विचारून क्लॅम्प दिले आणि पेटीतून बोल्ट मोजून घ्यायला सांगितलं. मी मोजले: चार क्लॅम्प, प्रत्येकाला चार भोकं, सोळा बोल्ट. पट्ट्या मी मोजल्याच नाहीत. कारखान्यात पट्टी आम्ही सरळ वेल्डिंग करून टाकायचो. तिला भोकं असतात हे डोळ्यांना दिसायचं, पण हाताच्या सवयीत ती भोकं नव्हतीच. लाकडाला वेल्डिंग करता येत नाही हे मला आमच्या बोटीवर, झाकण आडवं टाकून त्यावर पट्टी ठेवली तेव्हा कळलं. प्रत्येक पट्टीला दोन भोकं. आठ बोल्ट कमी.

नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होड्या उघड्या झाल्या होत्या, सगळ्या बंदरावर ऑइलपेंटचा वास होता, आणि बाबा निळ्या रंगाचा डबा घेऊन माझं काम संपायची वाट बघत होते. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून त्या हंगामापासून सुकाणू दादाकडे द्यायचं ठरलं होतं. मी सायकल काढून बोर्लीला गेलो. हार्डवेअरवाल्याकडे स्टेनलेसचे बोल्ट नव्हते, चार-सहा दिवसांनी येतील म्हणाला. त्यानं पांढरे पुढे केले. मी खिशातलं चुंबक लावलं. बोल्ट त्याला चिकटले. दुकानदार म्हणाला, "अरे, पांढरा हाय, गंजत न्हाय. गोठ्याला, फाटकाला लोक हेच नेतात." मला ठाऊक होतं ते. गोठ्यावर रोज समुद्र येत नाही हेही ठाऊक होतं. शेजारी स्टेनलेस असला आणि खारं पाणी असलं की साधा बोल्ट एरवीपेक्षा लवकर खाल्ला जातो, हे हमीदचाचांनी मला हातात गंजलेला नमुना देऊन दाखवलं होतं. मी आठ पांढरे बोल्ट घेतले. तात्पुरते आहेत, गणपतीला येऊन बदलू, असं मनाशी म्हणत मी परत सायकल मारली.

आमच्याकडे वर्षाच्या रंगात काही सोडत नाहीत. बोटीची प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा रंगाखाली जातो. उघडं राहिलं ते कुजलं, असा समज. बाबांनी झाकण रंगवलं तेव्हा पट्ट्या आणि बोल्टांची डोकीही रंगवली, दोन हात. रंग आहे म्हणजे पाणी आत शिरणार नाही, असं मी मला समजावलं. खालच्या बाजूला, खणाच्या आत, जिथे बर्फाचं आणि मिठाचं पाणी कायम ठिबकतं, तिथली टोकं उघडीच होती. रंग वाळल्यावर दादानं हँडल दाबलं. खट्. त्यानं उघडलं, पुन्हा दाबलं. खट्. चारही क्लॅम्प तो लहान पोरासारखा उघडझाक करत बसला. आईनं त्यांना हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी नारळ सोडायला सगळं बंदर जमलं तेव्हा बाबा दुसऱ्या बोटीच्या तांडेलाला हाताला धरून आमच्या बोटीवर घेऊन आले आणि त्यांनी स्वतः हँडल दाबून दाखवलं. "माझ्या वश्यानं केला ह्या," ते म्हणाले. मी धक्क्यावर उभा होतो. त्या दिवशी आईनं माझ्या ताटात डोक्याचा तुकडा वाढला.

पुढच्याच आठवड्यात हमीदचाचांनी विचारलं, बोल्ट पुरले का. आठ कमी पडले एवढंच मी सांगितलं. पांढरे लावले हे सांगितलं नाही. त्यांनी आठ स्टेनलेसचे बोल्ट कागदात गुंडाळून दिले. ते मी खोलीवर बिस्किटांच्या डब्यात ठेवले. गणपतीत तातडीचं काम निघालं, मी गेलो नाही. दिवाळीत गेलो तेव्हा बोट समुद्रावर होती. शिमग्याला मात्र बोल्ट माझ्या पिशवीत होते आणि बोट धक्क्याला होती. मी झाकणापाशी गेलो. निळा रंग अजून गुळगुळीत होता. बाबा तिथेच कुणाला तरी क्लॅम्प दाखवत बसले होते. बोल्ट काढायचे म्हणजे रंग फुटणार, बाबा विचारणार, आणि मला सांगावं लागणार की मी पहिल्याच कामात मोजायला चुकलो आणि वर कळून-सवरून चुकीचे बोल्ट लावले. अर्ध्या तासाचं काम होतं. मी पिशवी न उघडता घरी परतलो आणि पुरणपोळी खाल्ली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा कुठला असं कुणी विचारलं तर लोक पुढची गोष्ट धरतील. मी कधी कधी हीच धरतो.

वैशाखात, होड्या शाकारायला पंधराएक दिवस राहिले असताना, दुपारी कारखान्यात फोन आला. येताना वारा फिरला होता. बोट भरलेली होती. एक लाट बोटीवरून गेली आणि खणाचं झाकण एका बाजूनं उचललं, आपटलं, पुन्हा उचललं. पाणी खणात शिरायला लागलं. दादानं सुकाणू खलाशाच्या हाती दिलं आणि झाकणावर अंग टाकलं. त्याचा उजवा हात चौकटीवर असताना झाकण खाली आलं. तरीही दुसऱ्यांनी दोरी आवळेपर्यंत तो उठला नाही. बोट बंदराला लागली, माणसं सगळी आली, दादाची तीन बोटं गेली.

मी म्हसळ्यावरून एसटीनं घरी पोचलो तेव्हा बाबा दादाला घेऊन मुंबईला गेले होते. आई ओटीवर बसली होती. तिनं सांगितलं की दादाला गाडीत घालताना बाबांनी एकच विचारलं, आकडे लावले न्हायस काय. दादा म्हणत होता, "लावले व्हते बाबा, लावले व्हते." मग आई मला म्हणाली, तू मुंबईला जाऊ नकोस, बोटीवर जा, पाणी काढून टाक, नाहीतर सगळी मासळी कुजेल.

ओहोटी होती. बोट चिखलात एका कुशीवर टेकली होती आणि आसपास कुणी नव्हतं. मी दोरी सोडली, ताडपत्री काढली. चौकटीच्या डाव्या बाजूचे दोन क्लॅम्प माझ्यासमोर होते आणि दोघांचीही हँडलं खाली बसलेली होती. पुरती बसलेली. आकडे मिटलेले होते आणि त्यांत काही नव्हतं. झाकणावरच्या पट्ट्या उखडून गेल्या होत्या. लाकडात बोल्टांचे तुकडे राहिले होते. मी पक्कडीनं एक तुकडा ओढला. लोखंड ताज्या जोरानं तुटलं तर तुटलेल्या तोंडाला चकाकी असते. ह्याचं तोंड विटकरी होतं, आत मध्यापर्यंत. बोल्ट त्या दिवशी तुटलाच नव्हता, तो कधीचाच संपला होता; बाबांच्या निळ्या रंगाखाली नुसतं त्याचं डोकं उरलं होतं. दादानं आकडे लावले होते. बंदरावर हे वाचता येणारा माणूस मी एकटा होतो, आणि दादा खरं बोलतोय याची साक्ष देणारी वस्तू ती दोन मिटलेली हँडलं होती.

कोणीही विचारलं असतं: हँडलं बसलेली आहेत, मग पट्ट्या कशा गेल्या. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसलो होतो. कारखान्यात सगळे आवाज असतात, तिथे चिखलात खेकड्यांचा सळसळ आवाज तेवढा येत होता. मग मी पहिलं हँडल वर केलं. मग दुसरं. चारही तुकडे काढून खाडीत टाकले. पाणी उपसलं, मासळी काढली, सगळं चोख केलं.

दुसऱ्या दिवशी बाबा परत आले आणि कपडे न बदलता बोटीवर आले. त्यांनी उघड्या आकड्यांकडे बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून ते खाली वाकले आणि बोटानं हँडल हलवून बघितलं. "बघ," ते मला म्हणाले, "उघडेच हायत. उघड्या झाकणानं आपटून आपटून पट्ट्या उखडल्या. पोरानं लावलाच न्हाय." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "मी नव्या पट्ट्या बसवतो."

त्या मी बसवल्या, आणि उजवीकडच्या पट्ट्यांचे बोल्टही बदलले, डब्यातल्या आठ स्टेनलेसच्या बोल्टांनी. बोट विकेपर्यंत त्यांना गंजाचा डागसुद्धा पडला नाही.

दादा महिन्याभरानं घरी आला. तोवर सगळं बंदर बोलून मोकळं झालं होतं. बाबा त्याला रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की मी डोळ्यांनी बघितलं, आकडे उघडे होते. बाबांच्या डोळ्यांवर दादाचा स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास होता. सुरुवातीला तो म्हणायचा, लावले होते. मग म्हणायला लागला, लावले होते असं वाटतं. पुढे कुणी विषय काढला की म्हणायचा, घाईत राहिलं असेल माझ्या हातून. मी त्याचं वाक्य असं हळूहळू बदलताना ऐकलं आहे, सणावाराला, समोर बसून. पुढच्या हंगामाला बाबांनी दुसऱ्या घरचा तांडेल ठेवला. दोन बोटांनी सुकाणू धरणारी माणसं आमच्या किनाऱ्यावर आहेत. दादाला ते दिलं नाही ते बोटांमुळे नव्हे. तो किनाऱ्यावर जाळी विणायला बसला आणि बसून राहिला. आई जेवायला वाढताना त्याच्या ताटात डोकं वाढायचं की शेपूट हे ठरवता न येऊन दोन्ही तुकडे द्यायची.

मी गावी जाणं कमी केलं. हमीदचाचांनी एकदाच विचारलं, बोल्ट नीट लावले होतेस ना, आणि मी हो म्हणालो. वर्षाच्या आत मी तो कारखाना सोडला. त्या माणसाच्या शेजारी उभं राहून काम करणं मला जमेना. पुढे ह्या धंद्यात माझं नाव झालं ते काळजीबद्दल. माझ्या कारखान्यातून एकही फिक्श्चर मी स्वतः भोकं मोजल्याशिवाय बाहेर जात नाही. बोल्टांची पेटी आली की मी चुंबक फिरवतो, आणि नवी पोरं आपापसात म्हणतात की साहेब फार बारकाईचे. त्यांच्यासमोर मी कितीदा उभा राहिलो आहे असा, त्यांच्या नजरेतला आदर घेत. असा आदर घेतला की त्या दिवशी घरी कुणाशी बोलणं होत नाही.

दादाला एक सवय लागली. दाराची कडी लावली की तो ती तीनदा ओढून बघतो. खिडकी, कपाट, गॅसचं बटण, सगळं तीनदा. वहिनी हसून म्हणायची, "यांचा घर बंद करणा म्हंजे गणपती बसवल्यासारखा, मुहूर्त लागतो." पुतणे लहान असताना त्याची नक्कल करायचे: खट्, खट्, खट्. सगळे हसायचे, दादाही हसायचा. मी तेव्हा ओटीवर जाऊन उभा राहायचो.

आई गेली, दोन वर्षांपूर्वी बाबाही गेले. बाबा असताना बोललो असतो तर त्यांना काय वाटलं असतं, ह्या भीतीवर मी इतकी वर्षं काढली. ते गेल्यावर ती भीती संपली आणि मागे काहीच उरलं नाही ज्याच्यामागे लपता येईल. गेल्या महिन्यात मी एकटाच गावी गेलो. वहिनी मासळी घेऊन बोर्लीच्या बाजाराला गेली होती. दुपारची वेळ, दादा आतल्या खोलीत जाळं घेऊन बसला होता, अंगठा आणि पहिलं बोट ह्यांत सुई धरून. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं, ज्या क्रमानं इथे लिहिलं आहे त्याच क्रमानं: आठ बोल्ट, चुंबक, शिमगा, हँडलं. बोलताना त्याची सुई चालू होती. हँडलांपाशी आलो तेव्हा थांबली.

मी शिवीची वाट बघत होतो, हात उगारला तर तो घ्यायला तयार होतो. त्यानं विचारलं, "बसलेली व्हती?"

"व्हय."

"दोनी? पुरती?"

"पुरती बसलेली व्हती, दादा. मी माझ्या हातानं उघडली."

त्यानं जाळं मांडीवरून बाजूला केलं. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, बोटं नव्हती त्या बाजूकडे नव्हे, तळहाताकडे. जिथे हँडल दाबताना लागतं तिथे.

"म्हंजे मी लावला व्हता," तो म्हणाला.

मग माझ्याकडे न बघता, "बाबाला सांगायला हवा व्हता रे."

मी माफी मागितली असेल. काय शब्द होते आठवत नाहीत, आणि त्यानं ते ऐकले असं मला वाटत नाही. बंदरावरून इंजिनांचा आवाज यायला लागला होता. भरतीबरोबर बोटी आत येत होत्या. दादा उठला, खुंटीवरची टोपी घेतली, चपला घातल्या. बाहेर पडला आणि रोज घर रिकामं ठेवून निघावं तसं त्यानं दार ओढून घेतलं. बाहेरून कडी पडली. खट्.

मी पुढच्या दोन आवाजांची वाट बघत राहिलो. ते आले नाहीत. त्याची पावलं वाळूवरून बंदराकडे गेली, न थांबता. मी आत आहे हे तो विसरला होता की त्याला माहीत होतं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. स्वयंपाकघरातलं मागचं दार उघडं होतं. मी तिथून बाहेर पडू शकलो असतो. वहिनी बाजारातून येऊन कडी काढेपर्यंत मी तिथेच, त्याच्या जाळ्याशेजारी, बसून राहिलो.